शेवटून मोजण्याचा इतिहास

पायथॉनमध्ये लिस्टचा शेवटचा घटक हवा असेल, तर चौकटी कंसात -१ लिहिलं की काम झालं. लांबी विचारायला नको, तिच्यातून एक वजा करायला नको. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे, की -१ चा दुसरा काही अर्थ असू शकतो हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही.

अल्गोल ६० मध्ये ॲरेच्या दोन्ही सीमा प्रोग्रामर ठरवत असे. -५ ते ५ असा ॲरे घेतला, तर -१ हे शून्याच्या अलीकडचं खरंखुरं घर. सी भाषेत इंडेक्स म्हणजे पत्त्यात मिळवायचा आकडा. तिथे -१ दिला, की ॲरे सुरू होण्याआधीच्या मेमरीला हात लागतो आणि भाषा अडवत नाही. ‘एस’ आणि तिच्या वळणावर घडलेल्या ‘आर’मध्ये तर -१ म्हणजे पहिला घटक सोडून बाकी सगळे!

शेवटून मोजण्याची कल्पना केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएलमध्ये दिसते: घटक उचलण्याच्या क्रियेला उणे तीन दिले, की शेवटचे तीन मिळतात. पण या कल्पनेचा सर्वांत नेटका विचार केला तो ‘आयकॉन’ने. राल्फ ग्रिसवोल्ड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ॲरिझोना विद्यापीठात ती घडवली. आयकॉन अक्षरांना नव्हे, अक्षरांमधल्या फटींना क्रमांक देते. ‘कमळ’ या शब्दात डावीकडून १, २, ३, ४ आणि उजव्या कडेपासून मागे ०, -१, -२, -३. शेवटचा ‘ळ’ -१ आणि ० यांच्या मध्ये. उजव्या कडेलाही स्वतःचं शून्य मिळालं, ही यातली खरी हुशारी.

१९९१ मध्ये ॲमस्टरडॅमहून आलेल्या पायथॉनने, १९९४ च्या पर्ल ५ ने आणि १९९५ च्या रुबीने -१ घराघरांत पोहोचवला. ते उजवं शून्य मात्र मागे राहिलं. त्याची किंमत आजही मोजावी लागते. पायथॉनमध्ये ‘शेवटचे न घटक’ उणे न पासून काढताना न शून्य झाला, तर रिकामी लिस्ट मिळायला हवी. मिळते अख्खी, कारण उणे शून्य म्हणजे शून्यच. शिवाय शब्दात अक्षर सापडलं नाही, की ‘फाइंड’ -१ परत करते. तोच इंडेक्स म्हणून वापरला, तर एरर न येता शेवटचं अक्षर हाती येतं. अशी चूक शोधणं फार जिकिरीचं.

जावास्क्रिप्टमध्ये कंसातला -१ हे निव्वळ प्रॉपर्टीचं नाव ठरतं, म्हणून २०२२ च्या मानकात ‘ॲट’ ही वेगळी मेथड आणावी लागली. सी शार्पने २०१९ मध्ये उणे चिन्ह टाळून ^१ स्वीकारलं. तिथे ^० म्हणजे ॲरेची उजवी कड, आणि तिथून शेवटपर्यंतचा तुकडा मागितला तर तो रिकामाच मिळतो.