उत्तर देणे म्हणजे भांडणे नव्हे

माझ्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी एका निबंधस्पर्धेसाठी 'खानदेशातील भिल्लांचे उठाव' या विषयावर लेख लिहिला. मुलगा पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका भिल्ल वस्तीवरचा. त्याच्या घरात त्याच्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. लेखाची सुरुवात त्याने सरळ केली होती. भिल्ल हे लुटारू होते असे लिहिले जाते. हे म्हणणे मला मान्य नाही. का मान्य नाही ते सांगतो. लेख परत आला तेव्हा शेवटच्या पानावर शेरा होता : "लेख प्रतिक्रियात्मक आहे. इतिहास म्हणजे भांडण नव्हे." मुलाच्या वडिलांना मी शेऱ्याचा अर्थ सांगितला. ते एवढेच म्हणाले, "आपलं कोन आयकस, सर?"

हा लेख त्या शेऱ्याला उत्तर म्हणून लिहीत आहे. उत्तर द्यायचे तर आधी समोरच्याचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. मी परीक्षकांना जाऊन भेटलो. ते वाचन असलेले गृहस्थ आहेत आणि त्यांच्या मनात त्या मुलाविषयी आकस नाही. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते. पहिला, इतिहासकाराने आधी साधने पाहावीत आणि मग मत बनवावे. जो कोणाचे तरी मत खोडायला बसतो तो सोयीची तेवढीच साधने उचलतो. दुसरा, उत्तर देणारा माणूस दुसऱ्याने आखलेल्या रिंगणात खेळतो. त्याचा विषयही दुसऱ्याने ठरवलेला असतो. तिसरा, अशा लिखाणात आवाज चढतो आणि पुरावा मागे पडतो. दलित साहित्यावर गेली पन्नास वर्षे 'प्रतिक्रियात्मक' हा शिक्का मारला जातो, त्याच्या मुळाशीही हेच तीन आक्षेप आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार एका मुलाच्या गुणांपुरता करून भागणार नाही.

प्रथम असे विचारतो की, महाराष्ट्रात आधुनिक इतिहासलेखन सुरू कसे झाले? ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध झाला. पुढे चाळीस वर्षे शाळा-कॉलेजांत तोच प्रमाण होता. त्याला पहिले सणसणीत उत्तर दिले ते नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने. ग्रँट डफच्या ग्रंथावरील त्यांची टीका 1868 साली 'विविधज्ञानविस्तारा'त आली. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतील वाळल्या गवताला लागलेला वणवा, अशा अर्थाची डफची उपमा होती. न्या. रानड्यांनी 1900 साली मराठी सत्तेच्या उत्कर्षावर ग्रंथ लिहिला तो या कल्पनेला उत्तर म्हणून. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत डफच्या चुकांचा पाढाच वाचला आहे. हे राजवाडे आमच्या धुळ्यात राहिले, 1926 साली तेथेच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. या परंपरेला कोणी प्रतिक्रियात्मक म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. तिला 'राष्ट्रीय इतिहासलेखन' असे भारदस्त नाव मिळाले. मग कीर्तन्यांनी इंग्रजाला दिलेले उत्तर इतिहास ठरते आणि भिल्लाच्या मुलाने दिलेले उत्तर भांडण ठरते, हे कोणत्या कसोटीने? कसोटी लेखाला लावली की लेखकाला?

या देशात शास्त्रचर्चेची रीतच मुळी उत्तराची आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचे खंडन, मग सिद्धान्त. बौद्ध परंपरेत तर वादाला मोठा मान होता. 'मिलिंदपञ्हा'त राजा मिलिंद नागसेनाला चर्चेचे आमंत्रण देतो तेव्हा नागसेन विचारतो, चर्चा पंडितांच्या रीतीने करायची की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत हरणारा रागावत नाही. राजांच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला दंड होतो. पंडितांची रीत राजाने मान्य केली आणि मगच संवाद सुरू झाला.

पण ब्राह्मणी परंपरेत शूद्राला या वादात कोणती जागा होती? वेदान्तसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण आहे. शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे की नाही हा तेथे प्रश्न. त्यावरील शंकराचार्यांच्या भाष्यात पूर्वपक्ष म्हणतो की अधिकार आहे, कारण छांदोग्य उपनिषदात रैक्वाने जानश्रुतीला 'शूद्र' म्हणून हाक मारली आणि तरीही विद्या दिली. मग सिद्धान्ती येतो, 'शूद्र' शब्दाचा अर्थ 'शोकाने धावून आलेला' असा लावतो आणि अधिकार नाकारतो. शेवटी वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याची शिक्षा सांगणारे स्मृतिवचन आधार म्हणून येते. यातली मेख अशी की शूद्राची बाजू मांडणारा तो पूर्वपक्षी शूद्र नाही. पाडण्यासाठी उभे केलेले ते बुजगावणे आहे. शूद्राविषयी वाद झाला. वादात शूद्र नव्हता. ज्याला शतकानुशतके पूर्वपक्ष होण्याचाही अधिकार नव्हता, त्याने तोंड उघडले तर त्याचे पहिले वाक्य उत्तराचेच असणार. त्याच्याविषयीचे सगळे निकाल आधीच देऊन झालेले होते.

ते पहिले वाक्य 1855 साली लिहिले गेले. महात्मा फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, चौदा वर्षांच्या आसपास वय असलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. तिच्या युक्तिवादाची रचना पाहावी. वेद ही आमचीच मिरास, असे ब्राह्मण म्हणतात. हे त्यांचे म्हणणे ती खोडत नाही. ते ती धरून चालते आणि त्यातून निष्कर्ष काढते. वेद त्यांचेच असतील तर आम्हांला धर्मपुस्तक नाही; धर्मपुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरतो. मग आमचा धर्म कोणता, हे तिने देवालाच विचारले. प्रतिपक्षाच्याच विधानाने प्रतिपक्षाला कोंडीत धरण्याची ही रीत कोणत्याही न्यायशास्त्र्याने वाखाणावी अशी आहे. आणि ती तेथेच थांबली नाही. घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या मांग-महार स्त्रियांचे हाल तिने लिहिले. हे तिला कोणी विचारले नव्हते. दुसऱ्याच्या रिंगणात शिरून ती स्वतःच्या अनुभवाची जमीन घेऊन बाहेर आली. परीक्षकांच्या दुसऱ्या आक्षेपाला हे उत्तर पुरेसे आहे. ताराबाई शिंद्यांनी 'पुणेवैभव'मधील लिखाणाने संतापून 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, तिचीही गोष्ट हीच. निमित्त एका खटल्याचे होते, ग्रंथ साऱ्या स्त्रीजातीचा झाला.

उत्तर कसे द्यावे याचा धडा मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून घ्यावा लागतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना 1936 च्या परिषदेचे अध्यक्ष केले. भाषणातील काही भाग गाळावा अशी गळ मंडळाने घातली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले आणि परिषदच बारगळली. बाबासाहेबांनी ते भाषण मे 1936 मध्ये स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. म. गांधींनी जुलैमध्ये 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. आठ आणे किंमत जास्त आहे असेही सुचवले. 1937 साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी काय केले? गांधींचे लेख पुस्तकाच्या परिशिष्टात छापले आणि त्यापुढे आपले उत्तर छापले. विरोधकाचे म्हणणे वाचकाच्या हाती दिले आणि निवाडा त्याच्यावर सोपवला. ज्याला स्वतःच्या पुराव्याची खात्री असते तोच असे करतो.

त्या उत्तराच्या आतही शिस्त आहे. आपण मांडलेल्या मुद्द्यांची यादी देऊन, महात्माजींनी त्यांना स्पर्शही केलेला नाही हे बाबासाहेबांनी दाखवले. धर्माची पारख त्याच्या उत्तम माणसांवरून करावी, वाईटांवरून नव्हे, असे गांधींचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी ते मान्य केले आणि विचारले, मग वाईट इतके पुष्कळ आणि उत्तम इतके थोडे का? मान्य करण्यासारखे मान्य करून पुढचा प्रश्न टाकणे, ही ताकद नुसत्या शिवीत नसते. जातपात तोडक मंडळ आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' मात्र आजही गावोगावच्या अभ्यासवर्गांत वाचले जाते.

येथे मला परीक्षकांचे काही मान्य करायचे आहे. त्यांचा पहिला आणि तिसरा आक्षेप आमच्या पुष्कळ लिखाणाला लागू पडतो. आमच्यातले कितीतरी लेखक प्रतिपक्षाचे पुस्तक न वाचताच त्याला झोडपतात. 'काही विद्वान म्हणतात' असे लिहून कोण विद्वान, कोठे म्हणाला, हे सांगत नाहीत. हेही बुजगावणेच झाले. अपशूद्राधिकरणात आमच्या नावाने जे उभे केले गेले तसेच आम्ही दुसऱ्याच्या नावाने उभे केले, तर आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

माझ्या विद्यार्थ्याच्या लेखातही हा दोष होता, हे मी त्याचा शिक्षक म्हणून कबूल करतो. 'असे लिहिले जाते' एवढेच त्याने म्हटले होते. कोणी लिहिले, हे नव्हते. मी त्याला 1880 सालचे खानदेशचे गॅझेटियर वाचायला बसवले. इंग्रजी अवघड होते. आम्ही दोघे मिळून शब्दकोश घेऊन बसलो. भिल्लांच्या लुटीच्या हकिकती तेथे आहेतच. पण त्याच ग्रंथात हेही आहे की पेशवाईच्या अखेरीस माफीचे वचन देऊन भिल्लांना कोपरगावसारख्या ठिकाणी गोळा केले गेले आणि त्यांची कत्तल झाली. बायका-मुलेही सुटली नाहीत. हे वाचून तो मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, हे तर त्यांनीच लिहून ठेवलंय."

होय, त्यांनीच लिहून ठेवले आहे. इंग्रजांनी 1818 साली खानदेश घेतला. 1825 साली औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली. सेंधव्याच्या घाटात राखणीला नेमलेला खाज्या नाईक पुढे त्यांच्यावरच उलटला आणि एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीला भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. राखणदार बंडखोर का होतो, हा प्रश्न 'लुटारू' या एका शब्दाने मिटत नाही. प्रतिपक्षाचा ग्रंथ अर्धा वाचला की चीड येते, पुरता वाचला की पुरावा हाती लागतो.

याच धुळ्यात 1925 साली जन्मलेल्या कॉ. शरद पाटलांनी हे आयुष्यभर केले. साक्री-नवापूरच्या आदिवासींत काम करता करता त्यांनी पाणिनीचे व्याकरण मुळातून अभ्यासले. राजवाडे, डांगे, कोसंबी यांच्याशी ते ग्रंथाच्या पानावर झुंजले. 1978 साली जुना पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तोही एका वैचारिक वादातूनच. त्यांचे सर्व निष्कर्ष मला पटत नाहीत. पण ते 2014 साली गेले तेव्हा खानदेशात त्यांच्याशी सहमत नसलेल्या कार्यकर्त्यांनाही वाटले की आता आपल्याला पुरावा मागणारा कोणी उरला नाही.

माझ्या विद्यार्थ्याने लेख पुन्हा लिहिला आहे. सुरुवातीचे वाक्य मी बदलू दिले नाही. 'हे म्हणणे मला मान्य नाही' हे तसेच आहे. त्याच्या आधी आता गॅझेटियरचे म्हणणे पानभर, जसेच्या तसे आले आहे. शेवटी त्याने आजीकडून ऐकलेली, वस्तीवरून माणसे पळाल्याची एक हकिकत जोडली आहे आणि ती ऐकीव आहे असे स्पष्ट लिहिले आहे. हा लेख मी त्याच परीक्षकांकडे वाचायला पाठवला आहे. त्यांनी तो खोडून काढला तरी चालेल. खोडायचा तर त्यांना तो आधी पुरता वाचावा लागेल, आणि त्या मुलाच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न तेवढ्यापुरता तरी सुटेल.