टेकन (स्पर्धात्मक खेळ)

टेकन : दोन खेळाडूंमधील समोरासमोरच्या लढतीचा जपानी व्हिडिओ गेम आणि त्याभोवती वाढलेली स्पर्धापरंपरा. नामको (आता बांदाई नामको) कंपनीने डिसेंबर १९९४ मध्ये तो आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या दुकानी यंत्रांसाठी, बाजारात आणला. पहिल्या भागाचे दिग्दर्शक सेइइची इशी यांनी त्यापूर्वी सेगा कंपनीच्या ‘व्हर्च्युआ फायटर’ (१९९३) या पहिल्या त्रिमितीय लढतगेमवर काम केले होते. मालिकेतील महत्त्वाचे टप्पे : टेकन ३ (आर्केड १९९७, प्लेस्टेशन १९९८), टेकन ७ (आर्केड २०१५, घरगुती यंत्रे व संगणक २०१७) आणि टेकन ८ (२६ जानेवारी २०२४).

सुरुवातीच्या भागांचे आर्केड यंत्र प्लेस्टेशनच्याच घडणीवर आधारलेले होते. त्यामुळे घरी केलेला सराव दुकानातल्या यंत्रावर जसाच्या तसा उपयोगी पडे. दक्षिण आशियात घरगुती प्लेस्टेशन लाकडी पेटीत बसवून डावाच्या किंवा तासाच्या भाड्याने चालवणारी दुकानेही निघाली. महागडे मूळ यंत्र न घेता खेळ गल्लीत पोचला, आणि या भागातील पुढच्या खेळाडूंची पायाभरणी तिथे झाली.

कथानक : मिशिमा घराण्यातील बापलेकांचे वैर. स्पर्धेच्या दृष्टीने गौण.

खेळाची मांडणी : टेकनमध्ये चार मुख्य बटणे असतात आणि प्रत्येक बटण एका अवयवाचे असते : १ डावा हात, २ उजवा हात, ३ डावा पाय, ४ उजवा पाय. वार लिहून ठेवताना खेळाडू दिशा आणि आकडा वापरतात. ‘खाली-पुढे+२’ म्हणजे दांडी तिरकी खाली-पुढे नेऊन उजवा हात. ही लिपी आत्मसात झाली की दुसऱ्याने सांगितलेला कोणताही वार ओळखता येतो, म्हणून जाणते खेळाडू नवख्याला सर्वांत आधी तीच शिकवतात.

वारांच्या तीन उंच्या आहेत. वरचा वार उभ्याने अडतो किंवा खाली बसून चुकवता येतो. मधला वार बसलेल्याला लागतो. खालचा वार बसूनच अडवावा लागतो. पकड (थ्रो) उभ्या बचावाला भेदते. ती ठरावीक बटण वेळेत दाबून सोडवता येते, आणि समोरून येणारी साधी पकड बसून चुकवताही येते. उभे राहावे की बसावे, हा प्रश्न प्रत्येक क्षणी उभा असतो आणि खेळाचा सगळा डावपेच त्यातूनच निघतो. टेकन ३ पासून बाजूला सरकण्याची हालचाल, साइडस्टेप, सर्व पात्रांना मिळाली आणि सरळ रेषेतील वार चुकवणे हा बचावाचा स्वतंत्र भाग झाला.

एक डाव साधारण ६० सेकंदांचा असतो. तीन डाव जिंकणारा सामना जिंकतो. स्पर्धेत बहुधा दोन सामने आधी जिंकणारा पुढे जातो. शेवटच्या फेऱ्यांत ही संख्या तीन होते.

फ्रेम : खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, त्यांतील एक चित्र म्हणजे एक फ्रेम. बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद ठोसा, जॅब, दहाव्या फ्रेमला लागतो. म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. डोळ्यांना दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद, १५ फ्रेम, लागतात. त्यामुळे जॅब पाहून अडवणे शक्य नसते. तो येणार हे आधीच ओळखावे लागते. उलट ब्रायन फ्युरी या पात्राची ‘स्नेक एज’ ही खालची लाथ लागायला जवळपास अर्धा सेकंद घेते. ती पाहून बसता येते आणि अडवली तर तिची जबर शिक्षा देता येते. नवख्या खेळाडूला मात्र ती पुन्हा पुन्हा लागते, कारण त्याच्या डोळ्यांना तिची ओळख नसते.

वार अडवला गेला की मारणारा काही फ्रेम अडकून पडतो. तो १० फ्रेमने मागे पडला (लिहिताना −१०) तर समोरच्याचा जॅब हमखास लागतो. −१५ झाला तर अनेक पात्रांना लाँचर, म्हणजे हवेत उडवणारा वार, मिळतो आणि त्यापुढे कॉम्बो, म्हणजे एकामागून एक लागणाऱ्या वारांची साखळी, सुरू होतो. या हमखास प्रत्युत्तराला पनिश म्हणतात. अनेक पात्रांची उडी मारून घातलेली लाथ, हॉपकिक, अडवली गेल्यास −१३ च्या आसपास असते. म्हणजे १० फ्रेमचे उत्तर मिळते, १५ चे नाही. असे हिशेब शेकडो आहेत, पण खेळात टिकून राहायला त्यांतले मोजकेच पुरतात.

नवशिक्याची सुरुवात : टेकन ८ मध्ये प्रकाशनाच्या वेळी ३२ पात्रे होती आणि एकेका पात्राचे वार शंभराच्या आसपास. यादी पाठ करत बसणारा बहुधा वाटेतच खेळ सोडतो. अनुभवी खेळाडूंच्या सल्ल्यांत पुढील क्रम वारंवार आढळतो.

(१) पात्र एकच घ्यावे आणि काही महिने बदलू नये. दुबळे-बलवान याची यादी नवख्याच्या कामाची नसते. २०१८ च्या टेकन वर्ल्ड टूर या स्पर्धामालिकेची अंतिम स्पर्धा कोरियाच्या रँगचूने पांडा हे दुर्लक्षित पात्र घेऊन जिंकली.

(२) हात थांबवायला शिकावे. टेकनमध्ये काहीही न दाबता उभे राहिले तरी वरचे व मधले वार अडतात; बटण दाबताच हा बचाव सुटतो. घाईने बटणे बडवणाऱ्याचा पराभव बहुतेक वेळा इथेच ठरतो.

(३) सात-आठ वार निवडावेत : जॅब, एक जलद मधला, एक खालचा, एक लाँचर, साइडस्टेप पकडणारा एक वार, आणि उभ्याने व बसून उठताना द्यायचे दोन पनिश.

(४) एकच कॉम्बो, पण प्रत्येक वेळी पूर्ण होईल असा.

(५) मग हालचाल. मागे सरकण्याची क्रिया मध्येच बसण्याने तोडून लगेच पुन्हा मागे सरकणे, याला कोरियन बॅकडॅश म्हणतात. अंतर राखून समोरच्याचा वार हुकवणे आणि हुकल्याक्षणी मारणे हे टेकनच्या कलेचे शिखर मानले जाते. मिशिमा पात्रांचा ‘इलेक्ट्रिक’ ठोसा (पुढे, स्थिर, खाली, खाली-पुढे+२) हा शेवटची दिशा आणि बटण एकाच फ्रेमवर पडले तरच वीज घेऊन निघतो. तो साधायला महिने लागतात. पहिल्या आठवड्यात त्याच्या मागे लागू नये.

टेकन ८ मधील सरावाच्या सोयी आधीच्या भागांपेक्षा बऱ्याच पुढच्या आहेत. झालेला सामना पुन्हा पाहताना हव्या त्या क्षणी थांबवून तिथून स्वतः खेळता येते, आणि कोणता पनिश हुकला हे खेळच दाखवतो. त्याच भागात आलेल्या ‘हीट’ या आक्रमणाला बळ देणाऱ्या व्यवस्थेबद्दल खेळाडूंत मतभेद आहेत. एप्रिल २०२५ च्या बदलांनंतर ते तीव्र झाले.

साधने : आर्केड स्टिक, साधा पॅड, किंवा दांडीऐवजी बटणेच असलेला लिव्हरलेस बोर्ड. तिन्हींवर मोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत. सुरुवातीला यंत्रासोबत आलेला पॅड पुरतो.

स्थानिक वर्तुळ : ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्धी सतत बदलतो आणि कोण का हरला हे सांगणारा शेजारी कोणी नसतो. एकाच खोलीत जमणाऱ्या दहा-वीस जणांच्या गटात तेच खेळाडू पुन्हा पुन्हा भेटतात, एकमेकांच्या सवयी ओळखतात आणि हरलेल्याला तिथल्या तिथे कारण सांगतात. कुस्तीच्या तालमीत नव्या पोराला जुना मल्ल अंगावर घेऊन डाव सोडवायला लावतो, तसेच हे शिक्षण आहे. स्पर्धेचे निकाल नोंदले जातात, हे शिक्षण सहसा नोंदले जात नाही. खेळाडू मात्र त्यातूनच घडतो.

भेटीचे सर्वसाधारण स्वरूप असे : आधी मोकळे सामने, मग ब्रॅकेट, म्हणजे बाद फेऱ्यांचा तक्ता. ब्रॅकेट बहुधा दुहेरी बाद पद्धतीचे असते. पहिल्या पराभवानंतर खेळाडू हरलेल्यांच्या फळीत जातो आणि दुसऱ्या पराभवानंतर बाहेर पडतो. त्यामुळे अगदी नवख्यालाही किमान दोन लढती मिळतात. दोघांमधला वाद मिटवायचा असेल तर दहा सामने आधी जिंकणाऱ्याची लांब लढत ठरवतात.

याच प्रकारच्या भेटींतून ‘इव्हो’ ही या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा निघाली. तिचा आरंभ १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका आर्केडमध्ये ‘बॅटल बाय द बे’ या नावाने, सुमारे ४० खेळाडूंनिशी झाला. तिथला खेळ अर्थातच टेकन नव्हता, स्ट्रीट फायटर होता.

कोरिया : दीर्घकाळ टेकनचे सर्वांत बलाढ्य केंद्र. सोलमधील ग्रीन आर्केड हे तिथल्या खेळाडूंचे प्रमुख ठिकाण होते. इव्होत २०१७ मध्ये जेडीसीआर (किम ह्युन-जिन) आणि २०१८ मध्ये लोहाय विजयी झाले. नी (बे जे-मिन) हा अनेकांच्या मते या खेळाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू.

लाहोर : स्थानिक वर्तुळाचे सामर्थ्य सिद्ध करणारे सर्वांत ठळक उदाहरण. पाकिस्तानातील खेळाडू आर्केडमध्ये वर्षानुवर्षे आपापसांतच खेळत होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना जाणे व्हिसा आणि खर्चामुळे दुरापास्त होते, त्यामुळे बाहेरच्या जगाला त्यांच्या ताकदीचा अंदाज नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान अ‍ॅश (अर्सलान सिद्दीक) प्रवासाच्या बऱ्याच अडचणी पार करत फुकुओका येथील इव्हो जपानला पोचला आणि ती स्पर्धा जिंकला. विजयानंतर त्याने जगाला आवर्जून सांगितले की आपल्या देशात आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. त्यानंतर नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या खेळाडूंशी खेळला आणि त्याने तिथे अनेक सामने गमावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या इव्होत अर्सलानने अंतिम लढतीत नीला हरवले. ईएसपीएनने त्याला २०१९ चा सर्वोत्तम ई-स्पोर्ट्स खेळाडू ठरवले.

अर्सलानचे शब्द खरे असल्याचे पुढे दिसले. २०२२ च्या टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा (अ‍ॅम्स्टरडॅम, फेब्रुवारी २०२३) पाकिस्तानच्याच आतिफ बटने जिंकली. अर्सलानने २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा इव्हो जिंकली. एका माणसाच्या प्रतिभेने या यशाचा उलगडा होत नाही. हरणारा नवे टोकन टाकतो आणि जिंकणारा यंत्रावर टिकून राहतो, या आर्केडच्या रीतीने प्रत्येक डावाला किंमत येत असे. आणि रोज तेच तगडे प्रतिस्पर्धी समोर असल्याने कोणाचीही एक युक्ती फार दिवस चालत नसे. कोरियाची विद्या सोलमध्ये पिकली, लाहोरची लाहोरमध्ये, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध कोरियाकडे तयार उत्तरे नव्हती.

बक्षिसे : मोठ्या स्पर्धांत रोख. स्थानिक भेटींत प्रवेशशुल्काची रक्कम पहिल्या काही जणांत वाटली जाते.

भारत : १९९० च्या दशकाअखेरीपासून महाराष्ट्रासह देशभरातील शहरांत गेम पार्लरमधून टेकन ३ खेळला जाऊ लागला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील खेळ म्हणून मान्यता देऊन ते क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत लढतगेमपैकी स्ट्रीट फायटर ५ होता. त्यात मयंक प्रजापती व अयान बिस्वास यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि सुवर्णपदक कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू यांना मिळाले. २०२६ च्या आयची-नागोया स्पर्धेच्या कार्यक्रमात टेकन ८ चा समावेश करण्यात आला. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैशांचे खेळ वेगळे केले : कौशल्याच्या स्पर्धेला प्रवेशशुल्क व बक्षीस चालते, पैज चालत नाही. स्थानिक भेट भरवणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

वर्तुळ उभे करणे : दोन यंत्रे, दोन पडदे आणि जागा एवढ्यावर सुरुवात होते. पडद्याची चित्र दाखवण्यातील दिरंगाई कमी हवी. घरच्या टीव्हीवर गेम मोड लावावा. पॅड व स्टिक ज्याचे त्याने आणावेत. आठवड्याचा वार आणि ठिकाण ठरलेले असावे आणि चारच जण आले तरी भेट रद्द करू नये, कारण पाचवा माणूस भेट नक्की होणार या भरवशावरच येतो. नवख्याला पहिल्याच दिवशी गटातील सर्वांत चांगल्या खेळाडूशी खेळायला बसवावे आणि सामना संपल्यावर त्या खेळाडूने त्याला एकच चूक सांगावी.