डोळ्याच्या कोपऱ्यातला चेहरा

काही वर्षांपूर्वी एक व्हिडिओ खूप फिरला होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. पडद्याच्या मधोमध एक फुली आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूला नटनट्यांचे भराभर बदलणारे फोटो. नजर फुलीवरून हलवायची नाही, एवढीच अट. थोड्याच वेळात ते देखणे चेहरे राक्षसासारखे दिसू लागतात. कुणाचं कपाळ फुगतं, कुणाचा जबडा लोंबतो. व्हिडिओ थांबवून पाहावं, तर फोटो अगदी साधे. त्यांत कसलाही फेरफार नाही.

हा शोध लागला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात, आणि तोही अपघातानेच. शॉन मर्फी हा पदवीचा विद्यार्थी एका प्रयोगासाठी चेहऱ्यांचे फोटो तयार करत होता. सगळ्यांचे डोळे एकाच जागी येतील असे ते जुळवून तो एकामागून एक पाहू लागला, तेव्हा काही चेहरे त्याला भयानक वाटले. तेच फोटो वेगळे काढून पाहिले, तर चांगले होते; काही तर चक्क सुंदर! जेसन टँजेन आणि मॅथ्यू थॉम्पसन यांच्यासोबत त्याने २०११ साली 'पर्सेप्शन' या नियतकालिकात हे प्रसिद्ध केलं.

असं का होतं? हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. साधारण त्या नखाएवढ्याच जागेत आपल्याला खरं बारीक दिसतं. दृष्टिपटलाच्या मध्यावर शंकुपेशी दाटीवाटीने असतात, कडेला त्या विरळ होतात. कडेने दिसतो तो बराचसा अंदाज. त्यात चेहरे सेकंदाला चार-पाच, आणि डोळे सगळ्यांचे एकाच जागी. मग लक्षात येतो तो फक्त फरक. बाकीच्यांहून जबडा थोडा रुंद असला, की तो अवाढव्य वाटतो. कपाळ जरा मोठं असलं, की टेंगूळच. म्हणजे ही कुरूपता एकाही चेहऱ्यात नसते. ती एका चेहऱ्याची शेजाऱ्याशी तुलना करताना तयार होते.

पण चेहऱ्यांचे डोळे जुळवण्याची युक्ती काही नवी नव्हती. मला रस आहे तो इथेच. १८७८ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी हेच केलं होतं. गॉल्टन हे चार्ल्स डार्विन यांचे नातलग, मोजमापाचे भारी वेडे. तुरुंगखात्याचे प्रमुख एडमंड ड्यू केन यांच्याकडून त्यांना कैद्यांचे फोटो मिळाले. डोळे जुळवून एकाच काचेवर त्यांनी एकावर एक असे अनेक चेहरे उतरवले. प्रत्येकाला थोडाथोडाच प्रकाश दिला. हेतू असा, की व्यक्तीच्या खास खुणा पुसल्या जातील आणि गुन्हेगाराचा मूळ चेहरा उरेल.

उरला तो चारचौघांसारखा माणूस. उलट एकेका कैद्यापेक्षा तो जास्त देखणा होता! फोटो एकावर एक ठेवले, की फरक विरघळतात. एकामागून एक दाखवले, की फुगतात. चेहऱ्यांबद्दल मात्र दोन्ही प्रयोगांनी एकच गोष्ट दाखवली होती: आपण शोधतो ती दुष्टता तिथे नव्हती.

त्या काळात ही केवळ प्रयोगशाळेतली गंमत नव्हती. आपल्याकडे १८७१ मध्येच इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरे, त्याची नोंद होई, हजेरी लागे. पुढे हा कायदा देशभर पसरला आणि स्वातंत्र्यानंतरही १९५२ पर्यंत टिकला.

गॉल्टन प्रामाणिक होते, असं मी म्हणेन. गुन्हेगारी खुणा नाहीशा होऊन सामान्य माणूसपण वर येतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. पण त्याचा अर्थ त्यांनी असा लावला, की हा चेहरा गुन्हेगाराचा नसून गुन्ह्याकडे घसरू शकणाऱ्या माणसाचा आहे. कल्पना सोडली नाही, फक्त चित्राला नवं नाव दिलं. पुढे तीच पद्धत त्यांनी क्षयरोग्यांवर वापरली, ज्यू मुलांवरही वापरली. आणि १८८३ मध्ये माणसांच्या निवडक पैदाशीसाठी त्यांनी एक शब्द घडवला: 'युजेनिक्स'.