बंबखाना आणि एकशेआठ

अचानक दुखणे आले वा अपघात झाला, की बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून पूर्वी दोनच ठिकाणांचा धावा होत असे: दांडिया बाजारचा बंबखाना आणि काउंटेस ऑफ डफरिनचे, पुढे सयाजीरावांच्या नावाने ओळखले गेलेले मोठे रुग्णालय. (गुजराती शेजाऱ्यांचा शब्द 'लायबंबो', आपण मात्र 'बंब' सोडला नाही.) या दोहोंमधील अंतर चालत जाण्याइतके थोडे असले, तरी कारभाराच्या दृष्टीने ते पुढे बरेच वाढत गेले.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारचे रुग्णालय प्रांतिक सरकारकडे गेले. त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. बंब मात्र शहराच्या पालिकेकडे राहिला. १९६६ मध्ये पालिकेची महानगरपालिका झाली, तेव्हा तो खंडेराव मार्केटातील कचेरीच्या अखत्यारीत आला. म्हणजे रुग्णाला घेऊन जाणारा एका मालकाचा आणि उतरवून घेणारा दुसऱ्याचा. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. दोन खात्यांच्या शिवेवर कागद अडतो, तसाच माणूसही अडू शकतो.

तिसरा मालक आला तो २००७ मध्ये. हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झालेली '१०८' ची सेवा २९ ऑगस्ट २००७ पासून गुजरातेत आली. राज्य सरकारने पैसा द्यायचा आणि बिगरसरकारी संस्थेने सेवा चालवायची, असा तो करार. दूरध्वनी अहमदाबादजवळच्या कठवाडा येथे घेतला जातो आणि तेथून जवळच्या गाडीला निरोप जातो. चालकाला तेथे 'पायलट' म्हणतात. त्याच्यासोबत प्राथमिक उपचारांचे शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ असतो. भाडे नाही. संस्थेचे मूळ पुरस्कर्ते २००९ च्या सत्यम प्रकरणात अडकले, व्यवस्थापन जीव्हीकेकडे गेले, तरी गाड्या थांबल्या नाहीत. ही गोष्ट मी मोठी मानतो.

परंतु कठवाड्याला बडोद्याच्या पोळी कशा ठाऊक असणार? वाडी, मदनझांपा, सुलतानपुरा येथील गल्ल्यांत कोठे गाडी वळते आणि कोठून स्ट्रेचर हाती उचलून आणावे लागते, हे ज्ञान नकाशात फार थोडे असते. ते बंबखान्यातल्या जवानांच्या पायांत असते. शिवाय कामेही वेगळी. पाण्यातून, ढिगाऱ्यातून वा चेपलेल्या मोटारीतून माणूस बाहेर काढणे हे अग्निशामकांचे. बाहेर काढल्यावर त्याचा श्वास चालू ठेवणे हे तंत्रज्ञाचे. पहिल्याचे काम संपते त्या क्षणी दुसरा हाताशी उभा हवा.

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तळ्यात नाव उलटली; १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळ महीवरील गंभीरा पूल कोसळला आणि किमान २० माणसे गेली. दोन्ही ठिकाणी अग्निशामक दल, जरोदचे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि रुग्णवाहिका असे अनेक हात लागले. अशा वेळी गाड्यांच्या संख्येपेक्षा निराळा प्रश्न मोठा ठरतो: घटनास्थळी हुकूम कोणाचा, आणि कोणता जखमी कोणत्या दवाखान्यात गेला याची नोंद एकाच वहीत कोण ठेवतो? नातेवाईक एका दवाखान्यातून दुसऱ्यात धावतात ते ही वही नसते म्हणून.

जपानात ११९ या एकाच क्रमांकावर आग आणि आजार दोन्हींची वर्दी जाते व रुग्णवाहिका अग्निशामकांचीच असते. न्यूयॉर्कने १९९६ मध्ये शहराची रुग्णवाहिका सेवा अग्निशामक खात्यात विलीन केली. आपल्याकडे तसे विलीनीकरण व्हावे असे माझे मत नाही. जवानाला तंत्रज्ञ करण्याच्या भरात दोन्ही कामे अर्धवट राहतील. दोन्ही कक्षांचे भ्रमणध्वनी मात्र एकमेकांना बांधलेले हवेत.

त्या दिशेने एक पाऊल ऑगस्ट २०२५ मध्ये पडले: १००, १०१, १०८ हे क्रमांक गुजरातभर ११२ या एका क्रमांकाखाली आणण्यात आले. एक काम मात्र त्याआधी जेथे होते तेथेच आहे. '१०८' जिवंत माणसासाठी आहे. प्राण गेल्यावर घरच्यांना आजही पालिकेच्या शववाहिनीसाठी स्वतंत्रपणेच विचारणा करावी लागते.