कोयना भूकंप, १९६७

महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वा. २१ मिनिटांनी झालेला विध्वंसक भूकंप. रिश्टर मापप्रमाणानुसार त्याची महत्ता सु. ६·३ होती. कोयनानगर ही वसाहत व परिसरातील खेडी यांतील बहुतेक घरे पडली. लोक झोपेत असल्यामुळे दगडमातीच्या भिंतींखाली अनेक जण सापडले. सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली व दोन हजारांहून अधिक जखमी झाली. मुंबई-पुण्यापर्यंत धक्का जाणवला. कोयनेची वीजनिर्मिती खंडित झाल्याने मुंबईच्या उद्योगधंद्यांनाही झळ पोहोचली.

दख्खनचे पठार हे प्राचीन व स्थिर भूखंड असून तेथे मोठा भूकंप संभवत नाही, असा समज तोपर्यंत रूढ होता. मात्र शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर, १९६२ पासून, तेथे लहान धक्के जाणवू लागले होते. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्राने परिसरात भूकंपलेखक बसवून त्यांच्या नोंदी घेतल्या. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचांहून अधिक महत्तेचा धक्का बसला व तीन महिन्यांतच मुख्य भूकंप झाला.

सु. १०३ मी. उंचीचे धरण फुटले नाही. परंतु त्याच्या उंच खंडांना, उताराचा कोन बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. पुढे काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट करण्यात आले.

जलाशयामुळे भूकंप होतो काय, यावर बराच वाद झाला. चीनमधील शिनफेंगच्यांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) व ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) या जलाशयांजवळही असेच भूकंप झाले होते. पाणी खडकांच्या भेगांत झिरपून तेथील द्रवदाब वाढतो व विभंगावरील घर्षणाचा रोध घटतो. त्यामुळे आधीच साचलेला ताण मोकळा होतो, असे आता सामान्यतः मानले जाते. म्हणजे जलाशय हे मूळ कारण नसून निमित्त होय. जलाशयाशी निगडित ज्ञात भूकंपांत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा गणला जातो.

या भूकंपानंतर १९७० मध्ये देशाच्या भूकंपप्रवण विभागांचा नकाशा सुधारून कोयना परिसर वरच्या धोक्याच्या विभागात घालण्यात आला. तेथील धक्के त्यानंतरही चालू राहिले. त्यांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे सु. ३ किमी. खोल वेधनछिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. धरणाची जागा निवडताना भूकंपाचा विचार अपरिहार्य आहे, हा धडा कोयनेने दिला.