विद्युत् उपकेंद्रांचे स्वयंचलन व संदेशवहन मानके

विद्युत् निर्मिती केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या मार्गावर ज्या ठिकाणी विद्युत् दाब बदलला जातो, वाहिन्या जोडल्या वा तोडल्या जातात आणि दोष निर्माण झालेला भाग उरलेल्या जालापासून अलग केला जातो, त्या ठिकाणास विद्युत् उपकेंद्र म्हणतात. दाब कमीजास्त करणारी रोहित्रे, दोषप्रवाह तोडणारे मंडल खंडक, दोष ओळखून खंडकास आज्ञा देणारी अभिचालित्रे आणि मापनाची रोहित्रे ही त्यातील मुख्य सामग्री होय. या सामग्रीचे मापन, रक्षण व नियंत्रण दर वेळी माणसाच्या हातावर अवलंबून न ठेवता घडवून आणणे म्हणजे उपकेंद्राचे स्वयंचलन. ते साधण्यासाठी उपकरणांनी एकमेकांशी आणि दूरच्या नियंत्रण केंद्राशी कोणत्या भाषेत, किती वेगाने व कोणत्या क्रमाने बोलावे हे ठरविणाऱ्या सर्वमान्य नियमांच्या संचास संदेशवहन मानक असे म्हणतात.

वऱ्हाडात अशा सर्वमान्य संकेतांची ओळख विजेच्या दिव्याच्या आधी झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. बडनेरा–वर्धा टप्प्यावरील चांदूर, धामणगाव, पुलगाव या स्थानकांच्या दरम्यान गाडी सोडण्यापूर्वी पुढचा मार्ग मोकळा असल्याची खात्री तारेने करून घेणे हा रेल्वे चालविण्याचा पाया होता. १८६५ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय तारायंत्र संघाने मोर्स संकेत मान्य केलेले असल्याने यंत्र कोणत्या कारखान्याचे आहे, हा प्रश्न तारमास्तरापुढे येत नसे. विद्युत् उपकेंद्रांना एवढी साधी सोय मिळण्यास त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

प्रारंभीची उपकेंद्रे पूर्णपणे माणसांच्या भरवशावर चालत. दोष आला की विद्युत् चुंबकीय अभिचालित्र खंडकास आज्ञा देई आणि त्याच्या काचेआड एक लहानसा रंगीत ध्वज खाली पडे. कोणत्या वाहिनीचा कोणता ध्वज पडला, हे पाहून पाळीवरचा चालक ते नोंदवहीत लिही व दूरध्वनीने वरच्या केंद्रास कळवी. तासातासाला दाब, प्रवाह व शक्ती यांची वाचने घेऊन तक्ता भरणे हे त्याचे दुसरे काम. या पद्धतीत रक्षण हे स्वयंचलितच होते. १९२१ मधील माक्स बुखहोल्ट्स यांचे रोहित्रातील वायू ओळखणारे अभिचालित्र आजही जवळजवळ त्याच स्वरूपात वापरात आहे. उणीव होती ती माहितीच्या प्रवासात. अभिचालित्रांच्या कार्यांना क्रमांक देण्याची अमेरिकन प्रथा (उदा., ५१ म्हणजे कालविलंबी अतिप्रवाह, ८७ म्हणजे विभेदी रक्षण) १९२० नंतरच्या दशकात रूढ झाली व भारतातील नियंत्रण फलकांवरही ती उतरली. तथापि ती फक्त नकाशावरील व फलकावरील नावांची भाषा होती.

दूरची उपकेंद्रे जोडण्यासाठी वाहिनीचाच उपयोग करण्याची युक्ती लवकर सापडली. वाहिनीतून ५० हर्ट्‌झ कंप्रतेची वीज वाहत असताना तिच्यावर साधारणपणे ५० ते ५०० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे वाहक तरंग चढवितात व दोन्ही टोकांस तरंगरोधक बसवून ते उपकेंद्राबाहेर अडवितात. या मार्गाने बोलणे होते, मापनाचे आकडे जातात आणि एका टोकाच्या अभिचालित्रास दुसऱ्या टोकाकडून ‘तोड’ अशी आज्ञाही मिळते. भारतीय जालात ४०० किलोव्होल्ट (किव्हो.) वाहिनीवरील दोष १०० मिलिसेकंदांत, म्हणजे पाच आवर्तनांत, दूर होणे अपेक्षित आहे, एवढ्या अवधीत कोणताही चालक दूरध्वनी उचलूही शकत नाही.

विदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहिला, कारण राज्याची वीज ज्या कोळशावर अवलंबून आहे तो पूर्वेस व मोठा खप पश्चिमेस, अशी महाराष्ट्राची रचना आहे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेला हा भाग मुंबई राज्यात आला आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. पारस येथील केंद्र १९६१ मध्ये, कोराडीचे १९७४ मध्ये आणि चंद्रपूरचे १९८३ मध्ये वीज देऊ लागले. कोराडीहून पश्चिमेस जाणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्या वऱ्हाड ओलांडून जातात. त्यांच्या भाराचे नियमन ठाणे–बेलापूर मार्गावरील कळवा येथील राज्य भारप्रेषण केंद्रातून व नागपूरच्या अंबाझरी येथील क्षेत्रीय केंद्रातून होते. या केंद्रांना उपकेंद्रांतील स्थिती कळावी म्हणून तेथे दूरस्थ अंत्य एकके बसविण्यात आली. प्रत्येक खंडक, प्रत्येक मापक यांपासून नियंत्रण कक्षापर्यंत स्वतंत्र तांब्याची तार आणि कक्षातून बाहेर एकच संदेशमार्ग, अशी ही मांडणी होती. मोठ्या उपकेंद्रातील केबलींच्या चरांत अशा तारांचे जुडगे किती दाट असत, याची कल्पना ते चर उघडल्याशिवाय येत नाही.

याच सुमारास रेल्वेने दूरनियंत्रणाचा वेगळा व अधिक धीट प्रयोग केला. २५ किव्हो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पद्धतीत कर्षण उपकेंद्रे व विभाजन स्थाने मार्गाकडेला विखुरलेली असतात आणि त्यांतील खंडक विभागीय नियंत्रण कक्षातील कर्षण शक्ती नियंत्रक दुरूनच चालवितो. बडनेरा–वर्धा मार्गाचे विद्युतीकरण १९९० च्या सुमारास झाल्यावर ही पद्धत धामणगाव रेल्वेच्या परिसरात आली. धामणगावचे स्थानक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडते. अशा रीतीने ज्या गावच्या नावातच रेल्वे आहे, तेथे रुळांवरची वीज शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यासाठी एका खोलीतून हाताळली जात असताना शेजारच्या शेताची वीज मात्र चालकाने हाताने दांडा ओढून सुरू वा बंद करण्याची रीत पुढेही पुष्कळ काळ चालू राहिली.

भाषांचा गोंधळ : संगणकाने दोष ओळखण्याची कल्पना जी. डी. रॉकफेलर यांनी १९६९ साली मांडली. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर १९८० नंतर अंकीय अभिचालित्रे बाजारात आली. एकच पेटी रक्षण, मापन, नोंद व संदेशवहन ही चारही कामे करू लागली. परंतु प्रत्येक उत्पादकाने आपली भाषा निराळी ठेवली. १९७९ मधील मॉडबस हा संदेशसंकेत कारखान्यांसाठी होता. त्यात घटनेच्या वेळेची नोंद नाही आणि चाळीस हजारांच्या घरातील एखादा क्रमांक म्हणजे कोणती राशी, हे पुस्तिका उघडल्याशिवाय कळत नाही. उत्तर अमेरिकेत १९९३ पासून डीएनपी ३ आणि अन्यत्र आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाची ६०८७०–५ ही मालिका प्रचारात आली. तिच्यातील १०१ हा भाग (१९९५) नियंत्रण केंद्राशी साध्या संदेशमार्गाने, १०३ (१९९७) उपकेंद्रातील अभिचालित्रांशी आणि १०४ (२०००) संगणक जालावरून बोलण्यासाठी आहे. भारप्रेषण केंद्रे व उपकेंद्रे यांमधील व्यवहार भारतात मुख्यतः १०१ व १०४ यांवरच चालत आला आहे. उपकेंद्राच्या आत मात्र दोन कंपन्यांच्या पेट्या जोडण्यासाठी मध्ये दुभाषी यंत्र बसवावे लागे. एकदा ज्याची सामग्री घेतली त्याच्याकडेच पुढील वीस वर्षे जावे लागणे, हा त्याचा खरा खर्च होता आणि तो निविदेत कोठेही दिसत नसे.

या अडचणीवरील उत्तर म्हणजे आयोगाच्या ५७ व्या तांत्रिक समितीने १९९५ पासून तयार केलेले ६१८५० हे मानक. अमेरिकेतील विद्युत् शक्ती संशोधन संस्थेचे समांतर काम १९९७ मध्ये त्यात मिळविण्यात आले व पहिली आवृत्ती २००२ ते २००५ या काळात भागांभागांनी प्रसिद्ध झाली. त्याचे वैशिष्ट्य संदेशाच्या आकारात नसून नावांत आहे. उपकेंद्रातील प्रत्येक कार्याला एक तार्किक घटक मानून त्याचे नाव ठरवून दिले आहे : खंडक म्हणजे एक्ससीबीआर, कालविलंबी अतिप्रवाह रक्षण म्हणजे पीटीओसी, दूरी रक्षण म्हणजे पीडीआयएस, मापन म्हणजे एमएमएक्सयू. पेटी कोणाचीही असो, खंडकाची स्थिती त्याच नावाच्या रकान्यात सापडते. संपूर्ण उपकेंद्राचे वर्णन एका संगणकीय धारिकेत लिहिण्याची स्वतंत्र भाषाही या मानकाने दिली.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तातडीचे संदेश. गूस या नावाने ओळखला जाणारा संदेश एक पेटी उपकेंद्रातील जालावर सर्वांसाठी सोडते. पोच मागत बसत नाही, तर तोच संदेश पुनःपुन्हा, प्रथम अगदी जलद व नंतर सावकाश, पाठवीत राहते. खंडक तोडण्याच्या सर्वांत तातडीच्या आज्ञेसाठी सुमारे ३ मिलिसेकंदांची मर्यादा आहे. संदेश शांततेच्या काळातही येत राहत असल्याने तो थांबला की मार्ग तुटला हे लगेच कळते. तांब्याची तार तुटली असता ते कळत नसे, ती नेमकी गरजेच्या क्षणी मुकी असल्याचे आढळे. यापुढची पायरी म्हणजे प्रवाह व दाब यांची मूल्येच अंकीय रूपात प्रकाशीय तंतूतून पाठविणे. रक्षणासाठी आवर्तनास ८० म्हणजे ५० हर्ट्‌झच्या जालात सेकंदास ४,००० नमुने घेतले जातात. त्यासाठी सर्व घड्याळे मायक्रोसेकंदापर्यंत जुळावी लागतात. १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०·०१८ अंशाची कोनीय चूक होय.

मानकामुळे सर्व अडचणी संपल्या असे नाही. त्यातील ऐच्छिक भाग पुष्कळ आहेत, आवृत्त्यांमध्ये फरक आहेत आणि संरचनेची साधने अजूनही बहुधा उत्पादकाचीच असतात. शिवाय रोहित्र पस्तीस–चाळीस वर्षे टिकते, तर इलेक्ट्रॉनीय अभिचालित्र पंधरा–वीस. त्यामुळे ध्वज पाडणारे जुने फलक व नवे अंकीय फलक एकाच कक्षात शेजारी शेजारी उभे असल्याचे दृश्य नित्याचे आहे.

माहिती न पोहोचण्याची किंमत काही मोठ्या बिघाडांनी दाखवून दिली. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्यापूर्वी ओहायओतील एका नियंत्रण कक्षातील सूचनाप्रणाली तासाहून अधिक काळ बंद पडली होती व ती बंद आहे हेच चालकांना कळले नव्हते. भारतात ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतासह मोठा भाग अंधारात गेला, त्यानंतरच्या चौकशीत दूरमापन व संदेशवहन सुधारण्यावर भर देण्यात आला. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ रोजी घुसखोरांनी नियंत्रण केंद्रातून खंडक उघडून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली. पुढील वर्षी तेथेच वापरलेली दूषित आज्ञावली १०१, १०४ व ६१८५० या मानकांतच बोलत होती. सर्वांना कळणारी भाषा शत्रूलाही कळते, म्हणून संदेशांची ओळख पटविण्यासाठी ६२३५१ ही स्वतंत्र मालिका करावी लागली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा–पडघे परिसरातील ४०० किव्हो. वाहिन्या बंद पडून मुंबईचा पुरवठा खंडित झाला. मार्च २०२१ मध्ये राज्य शासनाने त्यामागे संगणकीय घुसखोरी असण्याची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जा मंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले.

लहान गावांतील स्थिती : विद्युत् अधिनियम २००३ नंतर ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. अतिउच्च दाबाच्या उपकेंद्रांत स्वयंचलन त्यानंतर झपाट्याने आले. ३३/११ किव्हो. उपकेंद्रांची संख्या मोठी व प्रत्येकाचे उत्पन्न थोडे असल्याने तेथे ते मागे राहिले. केंद्राच्या सुधारणा कार्यक्रमात वितरणाच्या दूरनियंत्रणासाठी चार लाख लोकसंख्येची अट होती. धामणगाव रेल्वेसारखे सरकी–कापसाच्या बाजारपेठेचे गाव या मर्यादेपासून फार दूर आहे. येथे बिघाडाची पहिली वार्ता बहुधा ग्राहकच देतो. मग यंत्रचालक परमिट देतो आणि लाइनमन खांबावर चढतो. वाहिनी खरोखर मृत आहे की नाही हे त्या वेळी दोन माणसांच्या तोंडी शब्दावर अवलंबून असते. जोडणीच्या चुकीच्या क्षणी लाइनमनचा जीव जातो, त्यामुळे खंडकाची खरी स्थिती व भूयोजनाची नोंद पडद्यावर दिसणे ही येथे चैनीची बाब नाही.

शेतीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. गावठाण व शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या केल्यानंतर शेतीला आठवड्याच्या पाळ्यांनी, काही दिवस रात्री, वीज मिळू लागली आणि हरभऱ्याला पाणी देण्यासाठी हिवाळ्याच्या रात्री शेतात काढण्याची वेळ आली. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. यात उपकेंद्रापासून साधारण पाच–दहा किलोमीटरांच्या आत उभारलेले सौर प्रकल्प त्याच उपकेंद्रास वीज देतात. त्यामुळे आजवर एकाच दिशेने वाहणारी वीज दुपारी उलट दिशेनेही वाहू शकते. केवळ एकाच दिशेचा विचार करून लावलेली अतिप्रवाह अभिचालित्रे अशा वेळी फसण्याचा संभव असतो, ढग आल्यास दाब चटकन बदलतो आणि वाहिनी बंद केल्यावरही दुसऱ्या टोकाने ती जिवंत राहत नाही ना, हे पाहावे लागते. अशा विखुरलेल्या निर्मितीसाठी ६१८५० मानकात ७–४२० हा भाग २००९ मध्ये जोडण्यात आला. लहान उपकेंद्रांत मात्र सामान्यतः भ्रमणध्वनी जालावरून १०४ या संकेताने बोलणारे अंत्य एकक हाच आवाक्यातील मार्ग ठरतो. वीज गेली की मनोऱ्याची विद्युत् घटमाला काही तासांत संपते व संदेशमार्गही बंद पडतो, ही त्याची मर्यादा होय. म्हणून उपकेंद्रातील अभिचालित्रांचे काम या संदेशमार्गावर अवलंबून ठेवीत नाहीत आणि त्यांची स्वतंत्र एकदिश प्रवाहाची विद्युत् घटमाला वेळोवेळी तपासावी लागते.