राजधानीतील माकडे

दिल्ली पाहावयास गेलेल्या प्रवाशाचा दिवस बहुधा रायसीना टेकडीपासून सुरू होतो. इंडिया गेटकडून सरळ चढत गेलेला रुंद राजरस्ता, दोन्ही अंगांस नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या लाल व पिवळसर दगडांच्या भव्य इमारती, आणि त्यांच्यामागे राष्ट्रपतिभवनाचा घुमट, असा हा देखावा आहे. तो डोळे भरून पाहावा, सावलीत घटकाभर टेकावे आणि पिशवीतील केळी काढावीत, तोच कठड्यावरून एक तांबड्या तोंडाचे माकड सावकाश चालत येते आणि पिशवीला हात घालते. प्रवासी ओरडला तर ते पळत नाही. उलट तोंड वासून त्याच्याच अंगावर येते. पिशवी खाली पडते, मुले रडू लागतात आणि हातावर ओरखडा उठला असेल तर कुतुबमिनाराचा बेत रद्द होऊन मंडळींना श्वानदंशाची लस टोचून घेण्यासाठी रुग्णालयाचा रस्ता धरावा लागतो.

हा प्रसंग ऐकणाऱ्यास हसू येते, आणि तेही स्वाभाविकच आहे. परंतु माकडाची ही धिटाई त्याने अरण्यातून आणलेली नाही. ती त्याला माणसाने शिकविली, आणि ह्या शिक्षणाला मोठा इतिहास आहे.

प्रथम ह्या प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे. मराठी बोलीत माकड आणि वानर हे दोन निराळे प्राणी आहेत. काळ्या तोंडाचे, लांबलचक शेपटीचे ते वानर. उत्तरेत त्यालाच लंगूर म्हणतात. आपल्याकडचे माकड म्हणजे डोक्यावर केसांची टोपी असलेले. दिल्लीचे माकड ह्या दोहोंहून वेगळे आहे. त्याचे तोंड लालसर, शेपूट आखूड आणि अंग धष्टपुष्ट असते. शास्त्रज्ञ त्याला ऱ्हीसस या नावाने ओळखतात. 1940 साली लँडस्टायनर व वीनर ह्या शास्त्रज्ञांनी ह्याच जातीच्या रक्तावर प्रयोग केले. त्यामुळे मानवी रक्ताच्या तपासणीत आजही त्याच्या नावाची ‘आर् एच्’ ही दोन आद्याक्षरे लिहिली जातात. पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी ही ह्या जातीची पूर्वापारची दक्षिण सीमा मानली जात असे. अलीकडे ती सीमा ओलांडून त्याने दक्षिणेकडे पाऊल टाकले आहे.

1911 साली कलकत्त्याची राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि 1931 साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. ल्यूटेन्स व बेकर ह्या स्थपतींनी आखलेल्या ह्या नगरात रुंद रस्ते, दाट वृक्षराजी, प्रशस्त बंगले, लांबच लांब सज्जे आणि कंगोरे होते. अरवलीच्या पर्वतरांगेचे शेवटचे टोक, म्हणजे ज्याला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात तो उंचवटा, शहराला लागूनच होता. 1913 साली त्याचा काही भाग राखीव वन म्हणून जाहीर झाला. परंतु पुढे तेथे फोफावली ती विलायती बाभूळ. तिच्या काट्यांत सावली आहे, पण माकडाच्या पोटास लागणारी फळे बेताचीच. राहावयास रान आणि खावयास शहर, अशी ही सोय नगररचनाकारांच्या ध्यानीमनी नसता झाली.

ही सोय नसती तरी माकड माणसापासून फार दूर राहिले असते असे नव्हे. 1959-60 च्या सुमारास चार्ल्स साउथविक ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने अलीगढच्या सहकाऱ्यांसह उत्तर प्रदेशातील माकडांची पाहणी केली. त्यांतील फार मोठा वाटा गावांत, शहरांत, देवळांभोवती आणि रस्त्यांच्या कडेला आढळला; अरण्यात राहणारी माकडे थोडीच निघाली. ज्याला आपण वन्य पशू समजत होतो तो वस्तुतः आपला शेजारी झालेला होता.

त्याच काळी ह्या शेजाऱ्याचा मोठा व्यापार चालू होता. 1955 साली बालपक्षाघातावरील साल्क यांची लस प्रचारात आली. ती लस तयार करण्यास व तपासण्यास ऱ्हीसस माकडांची मूत्रपिंडे लागत. त्या दशकात एकेका वर्षी लाखाहून अधिक माकडे हिंदुस्थानातून परदेशी रवाना होत, आणि त्यांत लहान वयाची पिले विशेष असत. जगातील असंख्य बालके ह्या लसीमुळे पंगू होण्यापासून वाचली, हे विसरता कामा नये. पण गावोगावचे कळप त्यापायी ओस पडले, हेही तितकेच खरे. पुढे निर्यात कमी करीत करीत वर्षाला वीस हजारांवर आणली गेली. माकडे केवळ वैद्यकीय संशोधनासाठीच वापरावयाची असा करार होता. तथापि अमेरिकेत अण्वस्त्रांच्या किरणोत्साराचे परिणाम अजमावण्यासाठी त्यांचा उपयोग केल्याचे उघडकीस आले आणि 1978 साली भारत सरकारने निर्यात पूर्णपणे बंद केली.

ह्या निर्णयाला करुणेचे अधिष्ठान होते. त्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र पकडणारा गेला, खाऊ घालणारा राहिला, आणि रान दिवसेंदिवस आटत चालले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. 1980 नंतरच्या काही वर्षांत इक्बाल मलिक ह्या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या तुघलकाबाद किल्ल्यातील माकडांचा बारकाईने अभ्यास केला. गियासुद्दीन तुघलकाचा तो पडका किल्ला. माणसांनी सोडलेला, पण माकडांनी नांदता ठेवलेला. तेथे त्यांची संख्या झपाट्याने वाढताना दिसली, आणि वाढलेला कळप फुटून त्याचे तुकडे होतानाही दिसले.

कळप फुटण्याची ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. ह्या माकडांत माद्या जन्मभर आपल्याच कळपात राहतात; मुलीचा मान आईच्या मानावर ठरतो; नर मात्र वयात आले की दुसऱ्या कळपाची वाट धरतात. असे हे कुलधर्म पाळणारे कुटुंब असते. त्यातील हाती लागतील तेवढी माकडे पिंजऱ्यात घालून नेली, तर उरलेल्यांची घडी विस्कटते आणि ती नव्या वस्तीत शिरतात. एका मोहल्ल्याचे संकट टळते आणि चार मोहल्ल्यांत उगवते.

तरीही उपाय बहुधा हलविण्याचेच झाले. 2007 साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार शहरातील माकडे पकडून दक्षिण सीमेवरील असोला भाटी अभयारण्यात सोडण्याचे काम सुरू झाले. तेथील जमिनीचा बराच भाग जुन्या खाणींचा, फळझाडे थोडी. म्हणून सरकारी खर्चाने फळे व भाजी पुरविण्यात येऊ लागली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात दिल्लीचे उपमहापौर सुरिंदरसिंग बाजवा आपल्या घराच्या गच्चीवर माकडांना हाकलीत असता तोल जाऊन खाली पडले व मृत्यू पावले. ज्या गोष्टीकडे लोक थट्टेने पाहत होते तिची किंमत ह्या दिवशी सर्वांना कळली.

काट्याने काटा काढावा तसा वानराकडून माकड हाकलण्याचाही प्रयोग झाला. लंगूर पाळणारे लोक सरकारी इमारतींभोवती आपले वानर दोरीला बांधून फिरवीत, आणि काळे तोंड दिसताच तांबडी तोंडे पसार होत. परंतु वानर हा कायद्याने संरक्षित प्राणी. त्याला असे बांधून राबविणे योग्य नव्हे, म्हणून 2012 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ही प्रथा बंद करावयास सांगितले. मग 2014 साली संसदेत माहिती देण्यात आली की, वानरासारखा आवाज काढणारे चाळीस तरुण शिकवून तयार केले आहेत. 2018 साली तर खुद्द संसदेच्या आवारातच सूचनापत्र निघाले: माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवू नका, आई व पिल्लू यांच्यामधून जाऊ नका, पळू नका. 2023 साली जी-20 राष्ट्रांचे प्रमुख दिल्लीस आले तेव्हा रस्त्यांवर वानरांची चित्रे उभी केली होती! त्याच वर्षी अमलात आलेल्या कायद्याच्या दुरुस्तीने ऱ्हीसस माकडाचे नाव संरक्षित प्राण्यांच्या सूचीतून गळले.

ह्या साऱ्या धडपडीत एक गोष्ट मागे राहिली, आणि ती म्हणजे माणसाचा हात. उत्तरेत मंगळवार हा हनुमंताचा वार. त्या दिवशी केळी, चणे, पाव घेऊन लोक रिजच्या कडेला येतात आणि श्रद्धेने माकडांपुढे ठेवतात. तीच माकडे बुधवारी गच्चीवर आली की तोच भाविक काठी घेऊन धावतो. माकडाने ह्यातून काय शिकावे? अन्न माणसाजवळ असते, हे ते पहिल्या दिवशी शिकते. आणि घाबरविले की माणूस हातातले टाकून देतो, हे दुसऱ्या दिवशी. प्रत्येक टाकलेली पिशवी म्हणजे त्या पाठाची उजळणी होय. त्याला दोन्ही गालांत पिशव्या निसर्गानेच दिल्या आहेत. लुटलेले भरून घेण्यास त्याला क्षणही पुरतो.

मारुतीची भक्ती मराठी माणसास परकी नाही. समर्थ रामदासांनी अकरा मारुती स्थापिले, ते बलोपासनेसाठी. गावोगावी वेशीवर मारुती असतो, तो रक्षणासाठी. त्या देवाची सेवा एका प्राण्याला भिकारी व दरोडेखोर बनवून होते काय, ह्याचा विचार प्रत्येक भाविकाने आपल्या मनाशी करावा. 2024 साली दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच सांगितले, की माकडांना खाऊ घालण्याने त्यांचे हित होत नाही; ती परावलंबी होतात. कचऱ्याचे डबे झाकलेले असणे, उष्टे उघड्यावर न टाकणे, प्रजननावर धीराने नियंत्रण ठेवणे, आणि काटेरी बाभळीच्या जागी वड, पिंपळ, उंबर, जांभूळ लावून रानाला पुन्हा अन्न देणे, हे उपाय मंदगती आहेत खरे. पण उंबराचे झाड एकदा वाढले की माकडाला कोणाच्या मंगळवारची वाट पाहावी लागत नाही.